मामाच्या हातची काडतुसं

विलो फोर्ड, मोंटाना
३ सप्टेंबर १९७४

नेल्स,

मामाने यंदाचा काडतुसांचा डबा एमेटबरोबर तुझ्याकडे धाडलाय. खेचरांसाठी खुराक न्यायला एमेट खाली उतरला होता, तेव्हा मामाने तो त्याच्या खोगिराच्या पिशवीत कोंबला. मला कळेपर्यंत एमेट निघून गेला होता, नाहीतर मी तो काहीतरी सबब सांगून काढून घेतला असता.

मी सांगते ते ऐक, आणि माझ्यावर चिडू नकोस. डबा उघड, बघ, हवं तर तुझ्या शिकाऱ्यांना दाखवून मिरव. पण त्यातलं एकही काडतूस रिव्हॉल्व्हरमध्ये घालू नकोस. एमेट पुढच्या खेपेला येईल तेव्हा त्याच्याकडून दुकानातली मागव. मामाला यातलं काही कळायला नको. त्याला मी "नेल्स म्हणाला, झकास आहेत" असं सांगेन. तूही तसंच लिही.

मामाची नजर आता पूर्वीची राहिली नाही. सध्या एवढंच पुरे.

तुझा मेहुणा रॉय बरा आहे. भुवया पुन्हा उगवतायत, पण एक जराशी वर उगवल्यामुळे तो सारखा कुणाचंतरी खोटं पकडल्यासारखा दिसतो. तळघराच्या छताला पडलेलं भोक त्याने अजून बुजवलेलं नाही. म्हणतो, राहू दे, आठवण राहील.

जपून राहा. तुमच्याकडे यंदा अस्वलं फार आहेत असं पेपरात आलं होतं.

थिया


थरोफेअरचा तळ, वायोमिंग
१४ सप्टेंबर

थिया,

तुझं पत्र आणि मामाचा डबा एकाच पिशवीतून आले. आधी डबा उघडला, मग पत्र. ते बरंच झालं, उलटं झालं असतं तर डब्याची मजाच गेली असती.

तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? रॉयने काडतुसं भरायचं ते नवं मशीन आणलं, एकदा दांडा ओढला की ठिणगीची टोपी बसते, बंदुकीची दारू पडते, गोळी बसते, सगळं आपोआप. टोपी अडली तर माणूस थांबतो आणि बघतो. हा पठ्ठ्या दांड्यावर लोंबकळला. नळीतल्या सगळ्या टोप्या एकदम उडाल्या यात मामाचा काय दोष? मामाची प्रेस ओतीव लोखंडाची आहे, एका वेळी एकच काम करते, आणि आपण दोघं लहान होतो तेव्हापासून तिने कुणाच्या नखालासुद्धा धक्का लावलेला नाही. तू तळघरात घाबरलीस आणि ती भीती आता मामाच्या अंगावर टाकतेयस.

आणि हेही ऐक. परक्याने भरलेलं काडतूस मी माझ्या बंदुकीत कधी घालत नाही. कुणीच शहाणा घालत नाही. इथे येणारे साहेबलोक बदाम-बिस्किटं वाटावीत तशी आपली काडतुसं वाटतात, मी हसून घेतो आणि ओढ्यात फेकतो. पण मामा परका आहे का? आई गेल्यावर आपल्याला कुणी वाढवलं? त्याने भरलेली काडतुसं कमरेला लावून मी इतकी वर्षं या जंगलात काढली. ती नाकारायची म्हणजे त्याच्या ताटातून उठून जायचं.

यंदाचीही नाण्यासारखी लखलखीत आहेत. बुडाला गेलेल्या मामीच्या नेलपॉलिशचं लाल कडं आहे, नेहमीसारखं. सहा रिव्हॉल्व्हरमध्ये भरून ठेवलीसुद्धा.

नवीन स्वयंपाकीण आली आहे, विल्मा. बिस्किटं अशी करते की खेचरंसुद्धा तंबूपाशी रेंगाळतात.

तुझा,
नेल्स


विलो फोर्ड
२० सप्टेंबर

नेल्स,

आता सगळं सांगते. आधीच सांगायला हवं होतं. मामाची अब्रू झाकायला गेले आणि तुझा जीव टांगणीला लावून बसले.

ऑगस्टात एकदा मी मामाच्या शेडमध्ये गेले होते. तू जाणतोस, तिथे तो काम करताना कुणी बोलायचं नाही. मी पायरीवर गुपचूप बसले. भोकांच्या फळीत काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या उभ्या केलेल्या होत्या आणि तो मापट्याने एकेकीत दारू सोडत होता. मधेच शेजाऱ्याचा कुत्रा कोंबड्यांमागे लागला. मामा उठला, दारातून त्याला यथेच्छ शिव्या घातल्या, परत येऊन बसला आणि ओळीच्या सुरुवातीपासून पुन्हा दारू सोडायला लागला. मी ओरडले, "मामा, त्या भरून झाल्यात!" तो थांबला. फळीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माहीत आहे मला. तुझी परीक्षा घेत होतो, इंग्रिड." इंग्रिड म्हणाला. आईचं नाव.

त्याने ती ओळ ओतून पुन्हा भरली. पण पूर्वी तो गोळी बसवायच्या आधी बॅटरी घेऊन प्रत्येक पुंगळीत डोकावायचा ना, ते त्याने केलं नाही. बॅटरी शेजारीच होती.

रायफलच्या पुंगळीत दारू दोनदा पडली तर ती वाहून बाहेर येते, आंधळ्यालाही कळतं. तुझ्या रिव्हॉल्व्हरच्या पुंगळीत दोन मापं आरामात मावतात आणि वर गोळी बसली की बाहेरून काही दिसत नाही. तुला हे माहीत आहे. तरी लिहिते, कारण तू ते विसरल्यासारखा वागतोयस.

तुझं पत्र वाचून मला इतका राग आला की मी मामाने मला दिलेला डबा घेऊन तळघरात गेले. गोळी उपटायची ती हातोडी घेतली आणि एकेक काडतूस फोडून दारू वजनकाट्यावर टाकत गेले. सगळी बिनचूक, नेल्स. इतकी बिनचूक की मला स्वतःची लाज वाटायला लागली. रॉय वरून हाका मारत होता, "झालं का गं समाधान?" आणि शेवटी शेवटी एकातून दुप्पट दारू निघाली.

एकच. पण ते झाडलं असतं तर माझ्या हातात रिव्हॉल्व्हर राहिलं नसतं, आणि हातही.

पायरीवर बसून रडले. खाली वनखात्याच्या चौकीला फोन केला तर ते म्हणतात वरचा गार्ड आगीच्या कामावर पलीकडच्या खोऱ्यात गेलाय, रेडिओ लागत नाही. एमेट तर कालच वर निघाला. हे पत्र तुला मिळेपर्यंत आठवडा जाईल. नेल्स, पट्ट्यातली काढ. आत्ता, हे वाचता वाचता काढ.

थिया


थरोफेअरचा तळ
२२ सप्टेंबर

थिया,

तुझं उत्तर अजून आलेलं नाही, पण मला थांबवत नाही. बातमीच तशी आहे!

परवा संध्याकाळी मी मारून टांगलेल्या एल्क हरणाकडे गेलो, तर झाडामागून ग्रिझली अस्वल निघालं. मादी, सोबत मोठालं पिल्लू. मांस आमचं आहे हे तिला मान्य नव्हतं. कान मागे पाडून अशी आली की मला तिच्या दातातला घाससुद्धा दिसला. मी मामाची दोन काडतुसं झाडली, दोन्ही तिच्या नाकासमोर मातीत. काय आवाज, काय धूळ! वळली आणि पिल्लाला ढकलत पसार झाली. मी नंतर तासभर नुसता बसून होतो. पण रिव्हॉल्व्हर हातात होतं आणि मामाच्या काडतुसांनी दगा दिला नाही. आता बोल.

विल्मा मात्र भेदरली आहे. आम्ही दिवसभर शिकाऱ्यांबरोबर वर असतो आणि ती तळावर एकटी. म्हणून ते रिव्हॉल्व्हर मी तिला देऊन टाकलंय, डब्यासकट. आयुष्यात तिने बंदूक धरलेली नाही. तिला म्हटलं, रोज दुपारी ओढ्यावर जा आणि रिकाम्या पत्र्याच्या डब्यांवर नेम धर, मनाची भीती जाईल. काडतुसांची काटकसर करू नकोस, आमचा मामा आणखी धाडेल. काल पहिल्यांदा चाप ओढला तेव्हा किंचाळली आणि मग लहान मुलीसारखी हसली. मामाला हे मुद्दाम सांग, खूश होईल.

नेल्स


विलो फोर्ड
२९ सप्टेंबर

नेल्स,

एमेटने हे आणि माझं आधीचं, दोन्ही पत्रं तुला मामाच्या आधी पोहोचवली तर बरं. कोण आधी पोहोचेल मला माहीत नाही.

तुझं विल्माबद्दलचं पत्र मिळालं. ती कोण, कुठली मला ठाऊक नाही, पण रोज दुपार झाली की माझे कान तिकडे लागतात. मी बटाटे सोलत असते आणि मनात म्हणते, आता ती ओढ्यावर गेली असेल.

शेवटी मामाला सांगितलं. दुसरा इलाजच नव्हता. जेवायला बोलावलं, रोस्ट केला होता, तो त्याने मजेत खाल्ला. मग मी दोन बशा पुढ्यात ठेवल्या. एकीत चांगल्या काडतुसातली दारू, दुसरीत त्या एकातली.

"हे काय?" म्हणाला.

"तुझ्या डब्यातलं आहे, मामा."

"माझं नाही. रॉयच्या त्या शिलाई मशीनवरचं असेल."

रॉय खाली मान घालून जेवत राहिला. त्याचे मी आभार मानते. मी ती रिकामी पुंगळी मामाच्या हातात दिली. त्याने चष्मा काढला, पुसला, घातला. बूड दिव्याकडे धरलं. ग्लॅडिसमामीचं लाल कडं त्यावर होतं. ते त्याच्याशिवाय जगात कुणी लावत नाही.

पुंगळी त्याने बशीत ठेवली. मग विचारलं, "नेल्सकडे आहेत?"

मी तुझं पत्र वाचून दाखवलं. विल्माचं नाव आलं तेव्हा त्याने हात वर करून मला थांबवलं. टोपी घेतली आणि गेला. दारापर्यंतही पोचवायला येऊ दिलं नाही.

सकाळी त्याच्याकडे गेले तर घर उघडं, पलंगावर कुणी झोपल्याची खूण नाही, शेडचं दार लोटलेलं. मी ते ढकलू शकले नाही, नेल्स. हाक मारली, उत्तर नाही. शेडमध्ये इतकी दारू आणि तो इतका अभिमानी माणूस. मी कोंबड्यांमध्ये उभी राहिले आणि रॉयला बोलावून आणलं. रॉयने दार ढकललं. आत कुणी नव्हतं. मग लक्षात आलं की त्याचा ट्रकही नाही.

पेट्रोल पंपावरच्या मुलीने सांगितलं की त्याने टाकी भरली आणि वायोमिंगच्या रस्त्याला लागला. शहात्तराव्या वर्षी, त्या गुडघ्यांनी, तुझ्याकडे वर चढायला निघालाय. घाटात बर्फ पडतंय असं रेडिओवर सांगतायत.

मला सगळ्यांचीच भीती वाटते. त्याची, तुझी, आणि जिला मी कधी पाहिलंही नाही तिची.

थिया


थरोफेअरचा तळ
६ ऑक्टोबर

थिया,

मामा सुखरूप आहे. विल्माही सुखरूप आहे. आधी हे दोन वेळा वाच, मग पुढचं.

मामा तुझ्या दोन्ही पत्रांच्या आधी पोहोचला. एमेटच्या म्हाताऱ्या खेचरावर बसून, मिशांना बर्फ लागलेलं. मला वाटलं स्वप्नच पडलं. मी धावत जाऊन लगाम धरला. तो उतरलासुद्धा नाही, वरूनच म्हणाला, "डबा."

"आधी शेकोटीपाशी तरी ये, मामा. कॉफी घे."

"डबा आण म्हटलं ना तुला!"

आणि तेवढ्यात ओढ्यावरून गोळीचा आवाज आला. मामाने माझ्याकडे असं बघितलं की मला काही विचारावं लागलं नाही. तो खेचरावरून पडला म्हटलं तरी चालेल, आणि पळाला. थिया, मामा पळाला. मी त्याच्या मागे. मधे आणखी एक आवाज, पुन्हा एक. मामा ओरडत होता, "हात खाली! अगं बाई, हात खाली कर!" विल्माला वाटलं तिच्या पाठीमागे अस्वल आलं. ती गर्रकन वळली आणि रिव्हॉल्व्हर आम्हा दोघांवर रोखून उभी राहिली. चापावर बोट तसंच. मला तिच्या बोटाखेरीज काही दिसत नव्हतं. मामा तिच्यासमोर गेला, नळीच्या अगदी पुढ्यात, आणि हलक्या आवाजात म्हणाला, "दे पोरी, माझं आहे ते." तिने दिलं. मग दोघं चिखलात बसली आणि विल्मा रडायला लागली. मामा तिच्या पाठीवर थोपटत होता.

मग स्वयंपाकाच्या तंबूत बसून त्याने उरलेली सगळी काडतुसं फोडली. हातोडी आणि काटा तो घरून घेऊन आला होता. शिकारी साहेब जेवायला आले, त्यांना मी बाहेरच्या बाहेर वाढलं. प्रत्येक वेळी दारू काट्यावर पडली की मी वाकून काटा कुठे थांबतो ते बघायचो.

एकही वाईट निघालं नाही. सगळी बिनचूक.

मला हायसं वाटलं. मी म्हटलंही, "बघ मामा, उगाच जिवाला त्रास करून घेतलास. ते एकच होतं आणि ते थियाला सापडलं." त्याने काटा पुसून ठेवला. मग म्हणाला, "सगळी बिघडलेली असती तर बरं झालं असतं रे. माझं काय होतंय ते कळलं असतं तरी. हे असं, मला आठवतच नाही मी ते कधी केलं. हात म्हणतायत आम्ही नाही."

थिया, अस्वलावर ती दोन झाडली तेव्हा मी काडतुसांना घाबरलो नव्हतो. आता ते आठवलं की माझा उजवा हात गार पडतो. तू म्हणत होतीस ते मी ऐकायला हवं होतं.

मामाला थंडीताप भरला होता तो आता उतरलाय, एमेट उद्या त्याला खाली घेऊन जाईल. रॉयला घाटापर्यंत यायला सांग, त्याला गाडी चालवू देऊ नका. भांडेल, पण ऐकू नका.

नेल्स


विलो फोर्ड
१८ ऑक्टोबर

बाळ नेल्स,

हे मी स्वतः लिहितोय. थिया म्हणाली तू सांग, मी लिहिते. मी म्हटलं, अजून तेवढं येतं मला.

घरी नीट पोचलो. तुझ्या मेहुण्याने आख्ख्या रस्त्यात मला गाडीला हात लावू दिला नाही. चांगला चालवतो. त्याला सांगू नकोस.

काल थियाला घेऊन शेडमध्ये गेलो. म्हटलं आता आवरून टाकू. दारू ओतून दिली, टोप्या रॉयला दिल्या. प्रेस टेबलावरून उचकटायला तिघं लागलो. मग गोळ्यांचा टिन खाली घेतला. या उन्हाळ्यात मी तीन डब्यांपुरत्या गोळ्या ओतल्या होत्या, ते मला पक्कं आठवतंय, शिसं त्या वेळी फादरनी चर्चच्या जुन्या पाइपांचं दिलं होतं. एक डबा थियाचा, एक तुझा. टिनमध्ये एका डब्यापुरत्या उरायला हव्या होत्या. टिन रिकामा आहे.

थियाला काही माहीत नाही. तिचा चेहरा असा झाला की मी तिला घरात पाठवलं आणि एकटाच शोधत बसलो. शेडमध्ये नाही, घरात नाही, ट्रकमध्ये नाही. म्हणजे मी तिसरा डबा भरला आणि कुणाला तरी दिला. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, कुणी काडतुसांचं कौतुक केलं की मी देतोच. आणि माझ्याकडचं म्हटल्यावर या गावात कुणी नाही म्हणत नाही. डोळे मिटून घेतात.

काल रात्री शेतकऱ्यांच्या ग्रेंजच्या सभेत मी उठून उभा राहिलो. सगळं गाव होतं, इकडचा शिकारीचा हंगाम परवा सुरू होतो ना. म्हटलं, ज्याच्याकडे माझा डबा असेल त्याने तो परत आणावा, एकही झाडू नये, माझं डोकं चालेनासं झालंय. अशाच शब्दांत म्हटलं. पाठीमागचे काही जण हसले. त्यांना वाटलं म्हातारा गंमत करतोय. त्यांच्यातला क्लारेन्स म्हणाला, "मामा, तुझं काडतूस आणि वाईट? आधी चर्च पडेल." टाळ्यासुद्धा वाजवल्या. हात कुणीच वर केला नाही. जो त्या सभेला नव्हता त्याला तर हेही कळणार नाही.

आज सकाळपासून दारोदार फिरलो. रॉय नदीपलीकडची घरं करतोय, थिया फोन करतेय. अजून कुणी नाही. तू माझ्याकडे उन्हाळ्यात आठवडाभर होतास. तुझ्यासमोर कुणी आलं होतं का? तळावर ताप होता तेव्हा मी काही बडबडलो का, कुणाचं नाव घेतलं का? मला एक हात दिसतो, डबा घेणारा. बाईचा की बाप्याचा ते दिसत नाही.

एमेट सोमवारी निघेल. हे पत्र तुला हंगाम सुरू झाल्यावर मिळणार हे मला कळतंय. तेवढं डोकं अजून शाबूत आहे. तरी लिहितोय, कारण एवढ्या माणसांत आता तूच विचारायचा राहिलास.

आठव रे बाळा. मी कुणाला दिला?

मामा